मैत्रीचं दप्तर कोण सांभाळणार?

संक्रांतीला औदुंबरला दोन प्रकारची माणसं येतात. काही दत्ताच्या पादुकांपुढे डोकं टेकायला येतात, तर काही कथा-कविता ऐकायला. या दुसऱ्या मंडळींचं येणं सुरू झालं ते एका तरुण मित्राच्या अकाली मृत्यूनंतर. सदानंद सामंत हे त्या मित्राचं नाव. तो गेला, तेव्हा कवी सुधांशु आणि म. भा. भोसले या त्याच्या सोबत्यांनी १९३९ साली कृष्णाकाठच्या या लहानशा गावात ‘सदानंद साहित्य मंडळ’ काढलं. मंडळाचं साहित्य संमेलन १४ जानेवारीला भरतं. औदुंबर ज्यात येतं तो सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणजे औदुंबरचं संमेलन आपल्या जिल्ह्याहून वयाने वडील आहे.

सदानंद सामंत कोण, हे आज महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांना सांगावं लागतं. तरीही दर संक्रांतीच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांचं नाव छापलं जातं, व्यासपीठावरून उच्चारलं जातं, आणि ज्यांचे आजोबाही त्यांना भेटले नव्हते अशी मुलं ते ऐकतात. मित्रांनी एखादा शोकगीतांचा संग्रह काढला असता, तर तो आज एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात असता. समाधीवजा चौथरा बांधला असता, तर पुराच्या गाळात गेला असता. त्यांनी असं काम निवडलं, जे दर वर्षी नव्याने करावं लागतं. वर्गणी काढायची, पाहुणे बोलवायचे, गावात मांडव घालायचा, नवं लिहिलेलं वाचायचं. मित्राची आठवण त्यांनी इतरांच्या लिहिण्याला जोडून दिली.

औदुंबरच्या या कामात आजच्या वाचकांसाठी एक नेमकी सूचना आहे. मैत्री कितीही गाढ असो, ती लिहिली गेली नाही तर दोन पिढ्यांत पुसली जाते. ती लिहिणं हे मित्रांचंच काम असतं. नातेवाईक वंशावळ जपतात, सरकार जन्म-मृत्यूची नोंद ठेवतं. माणूस कशावर हसायचा, कोणत्या पुस्तकावरून तावातावाने भांडायचा, उधार घेतलेले पैसे कसे आठवणीने परत करायचा, हे फक्त मित्राला माहीत असतं. त्याने ते कागदावर उतरवलं नाही, तर दुसरं कोणी उतरवू शकत नाही.

मंडळ निघालं तेव्हा सुधांशु अवघ्या बावीस वर्षांचे होते. हणमंत नरहर जोशी हे त्यांचं मूळ नाव, जन्म १९१७ चा. ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ हे आर. एन. पराडकरांच्या आवाजातलं गीत घराघरांत पोचलं, पण ते याच कवीचं, हे ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००६ साली ते गेले. इतकी वर्षं त्यांची ओळख औदुंबरशी बांधलेली राहिली. पुण्या-मुंबईत जाऊन नाव कमावण्याची वाट त्यांच्या पिढीतल्या अनेकांनी धरली आणि ती वाट चुकीची नव्हती. पण एका खेड्यात राहून साहित्याची ये-जा त्या खेड्यापर्यंत आणणं हे वेगळ्या जिद्दीचं काम होतं.

त्या जिद्दीला भोवतालची साथही होती. औदुंबरपासून जवळच किर्लोस्करवाडी. नांगर आणि पंप बनवणाऱ्या त्या औद्योगिक वसाहतीतून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ निघत होतं, १९३० पासून ‘स्त्री’ आणि १९३४ पासून ‘मनोहर’. शंकरराव किर्लोस्करांनी चालवलेली ही मासिकं महाराष्ट्रभर जात. कथा आपल्या गावाशेजारच्या छापखान्यात छापून निघते, हे रोज दिसत असेल तर लिहिणं ही शहरातल्या शहाण्यांची मक्तेदारी वाटत नाही. कृष्णाकाठच्या तरुणांना मित्रासाठी साहित्य मंडळच काढावंसं वाटलं, त्यामागे या वाचनाच्या हवेचाही वाटा असणार.

मित्राच्या मृत्यूतून मोठं लेखन उभं राहिल्याची उदाहरणं जगभर आहेत. फ्रान्समध्ये मोंतेन्यचा मित्र एतिएन द ला बोएसी १५६३ मध्ये ऐन तारुण्यात गेला. जाताना त्याने आपली पुस्तकं मोंतेन्यला दिली. मोंतेन्यने आधी मित्राचं लेखन छापलं आणि पुढे स्वतःचे ते निबंध लिहिले, ज्यांतून निबंध नावाचा प्रकारच युरोपात रुजला. इंग्लंडमध्ये टेनिसनचा मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये गेला. त्याच्यावरचं दीर्घकाव्य १८५० मध्ये प्रसिद्ध झालं. सतरा वर्षं एक कवी एका मित्राशी बोलत राहिला होता. या दोघांच्या शोकातून थोर ग्रंथ निर्माण झाले. औदुंबरच्या दोघांच्या शोकातून एक प्रथा निर्माण झाली, आणि ती कोणा एकाच्या प्रतिभेवर अवलंबून राहिली नाही. सुधांशु गेल्यावरही ती थांबली नाही. प्रतिभा थोड्यांकडे असते, प्रथा मात्र कोणतंही गाव पाडू शकतं. म्हणूनच औदुंबरचं उदाहरण इतर गावांना जास्त उपयोगाचं आहे.

मैत्री कागदावर राहण्याची दुसरी रीत पत्रांची. तिचंही ठळक उदाहरण सांगलीशी जोडलेलं आहे.

धारवाडला इंग्रजी शिकवणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी सभा-समारंभांपासून दूर राहत. त्यांचं घर थोड्यांसाठी उघडं असे. पण पत्रांत हाच माणूस भरभरून बोलायचा. पुस्तकं, चित्रं, माणसं, स्वतःची उदासी, सगळं. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे समीक्षक म. द. हातकणंगलेकर हे त्यांच्या जवळच्या मित्रांपैकी. १९८७ मध्ये जीए गेले. नंतर मौज प्रकाशनाने त्यांची निवडक पत्रं चार खंडांत आणली. त्या कामाच्या संपादनात हातकणंगलेकरांचा हात होता. २००८ मध्ये सांगलीत भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, हा त्यांच्या समीक्षेचा मान. पण मित्राची पत्रं जपून, निवडून, वाचकांपुढे ठेवणं हे त्यांचं कामही तेवढ्याच तोलाचं होतं.

या पत्रव्यवहारातून एक साधी गोष्ट लक्षात येते, जी आपण एरवी विसरतो. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही, ते ज्याला लिहिलं त्याच्या घरी राहतं. माणसाचं मन कोणाच्या तरी ट्रंकेत, कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी उशाखाली विखुरलेलं असतं. ते एकत्र आणायचं तर मित्रांनी एकमेकांना विचारावं लागतं, आपापल्या पेट्या उघडाव्या लागतात. जीएंच्या बाबतीत आणखी एक भाग्य लाभलं. त्यांनी सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रं त्या खंडांत आहेत, आणि सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रं २००३ मध्ये ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आली. वाचकाला दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचता येतात. बहुतेक मैत्र्यांच्या नशिबी एकच बाजू उरते, किंवा एकही नाही.

लिहायला उशीर झाला की काय होतं, हे पाहायला कराडला जावं. देवराष्ट्रे इथं जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी आत्मचरित्र तीन भागांत योजलं होतं. जन्मभूमीतल्या दिवसांसाठी ‘कृष्णाकाठ’, मुंबईच्या कारकिर्दीसाठी ‘सागरतीर’ आणि दिल्लीसाठी ‘यमुनाकाठ’. जून १९८३ मध्ये त्यांच्या पत्नी वेणूताई गेल्या. १९८४ च्या आरंभी ‘कृष्णाकाठ’ प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतरावांचं निधन झालं. पुढचे दोन भाग लिहून झालेच नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या मंगल कलशापासून दिल्लीतल्या संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र या खात्यांपर्यंतचा प्रवास सरकारी कागदपत्रांत सापडतो. पण त्या प्रवासातल्या माणसांबद्दल त्यांना आतून काय वाटलं, ते त्यांच्या शब्दांत फारसं उरलं नाही. उलट १९४६ पर्यंतचे दिवस, कराडच्या टिळक हायस्कूलचे सोबती, १९३२ च्या तुरुंगवासात आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात झालेला अभ्यास, हे सगळं ‘कृष्णाकाठ’मध्ये जिवंत आहे. जे लिहिलं त्याची श्रीमंती पाहिली की जे राहिलं त्याची हळहळ वाटते. कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात त्यांचा ग्रंथसंग्रह जपलेला आहे. त्याने ही उणीव थोडी भरून निघते, पूर्ण नाही.

यशवंतरावांना निदान लिहिण्याची मोकळीक होती. त्यांच्याच भागातल्या दुसऱ्या मैत्रीला ती नव्हती. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवलं. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रेल्वेतला सरकारी खजिना लुटला. भूमिगताच्या खिशात सापडलेली चिठ्ठी म्हणजे एखाद्या घरावर छापा. नाव लिहिणं म्हणजे साथीदाराला पकडून देणं. तेव्हा निरोप तोंडी जायचे, माणसं टोपणनावांनी वावरायची. एकमेकांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या या माणसांची मैत्री लिखाणाविना वाढली, आणि म्हणूनच नंतर ती लिहून ठेवण्याची गरज अधिक होती.

ती गरज काही प्रमाणात भागली. जी. डी. बापूंनी आपल्या आठवणी लिहिल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी कुंडलच्या परिसरात जाऊन रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे ‘कॅप्टन भाऊ’, यांच्याकडून शेणोलीची हकीकत ऐकली आणि नोंदवली. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनीही आपली कहाणी सांगितली. ७ जून २०१७ रोजी कुंडलमध्ये या लढवय्यांचा सत्कार झाला, तेव्हा महात्मा गांधींचे नातू गोपाळकृष्ण गांधी तिथे आले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये हौसाताई गेल्या, फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅप्टन भाऊ. त्याच वर्षी साईनाथांचं स्वातंत्र्यलढ्यातल्या सामान्य पायदळावरचं इंग्रजी पुस्तक बाहेर आलं. चार-पाच वर्षांची दिरंगाई झाली असती, तर त्या पुस्तकातली ही पानं कोरी राहिली असती. ज्यांच्याकडे कोणी वही घेऊन पोचलंच नाही, अशा गावोगावच्या साथीदारांची पानं कोरीच राहिली.

इथे एक अवघड प्रश्न येतो. आठवण कोणाची लिहिली जाते? ज्याच्या घरात पाटी-दौत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्याची मैत्री कागदावर सहज चढते. ज्याच्या बापाला गावकीतून उसंत नव्हती, त्याचे सोबती नाव न लागता जातात. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याने या प्रश्नाला दिलेलं उत्तर अभिमान वाटावा असं आहे. गदिमांचं शेटफळे, व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळे आणि शंकरराव खरातांचं आटपाडी ही एकाच दुष्काळी माळावरची गावं. या एका तालुक्याने अखिल भारतीय साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले. १९७३ मध्ये यवतमाळला गदिमा, १९८३ मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात.

‘माणदेशी माणसं’मध्ये व्यंकटेश माडगूळकरांनी ज्यांना कोणी खिजगणतीत धरत नव्हतं अशा माणसांची चित्रं काढली. त्यांच्या लेखणीत करुणा होती आणि नजर पारखी होती. पण त्याच मुलखातली एक बाजू त्या नजरेला गावाच्या आतून दिसत होती. शंकरराव खरातांनी ती वेशीबाहेरून पाहिली. गावकामगार महाराचा हा मुलगा शिकून वकील झाला, ‘प्रबुद्ध भारत’चा संपादक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि १९८१ मध्ये त्याचं ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मकथन आलं. माणदेशाची आठवण पुरी व्हायला माडगूळकर आणि खरात दोघेही लागतात. एक गाळला तर उरतं ते अर्धं गाव.

वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी तर शाळेचं तोंड जेमतेम पाहिलं होतं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तीन मित्रांचं हे पथक मुंबईच्या गिरणगावात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलं. पण अण्णाभाऊ पोवाड्यावर थांबले नाहीत. आपल्या मुलखातल्या, आपल्या समाजातल्या एका बंडखोराची गोष्ट त्यांनी १९५९ मध्ये ‘फकिरा’ कादंबरीत मांडली आणि ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. ज्याला इंग्रजांच्या दप्तरात गुन्हेगार म्हणून जागा असती, त्याला मराठी वाचकांच्या मनात नायक म्हणून जागा मिळाली. लेखन आठवण राखतं, तसंच ते आधी चुकीची लिहिलेली आठवण दुरुस्तही करतं.

हे झालं नामवंतांचं. पण सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतली बहुतांश पत्रं नामवंतांनी लिहिलेली नव्हती. साताऱ्याच्या डोंगराळ पट्ट्यातून हजारो माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ मध्ये, आणि पुढच्या शंभर वर्षांत गाव आणि गिरणी यांमधला पूल त्याने बांधला. मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपापुरती दोन बोटं जागा असायची. तेवढ्यात बैलाची चौकशी, पोरीच्या तापाची काळजी आणि गणपतीला येण्याचा वायदा बसवला जायचा. लिहिता न येणाऱ्याचं पत्र खोलीतला दुसरा गाववाला लिहायचा आणि गावात ते पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवायचे. एका कागदात चार माणसांची मैत्री गुंतलेली असायची.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाची ओळखच ‘अपशिंगे मिलिटरी’ अशी आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांचं स्मारक गावात आहे. त्या युद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून भारतीय सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रं इंग्रज सरकार उघडून वाचत असे. सैनिकांचं मनोबल आणि निष्ठा तपासण्यासाठी त्यांतले उतारे इंग्रजीत करून ठेवले जात. ते उतारे आज लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतली निवड पुस्तकरूपात आणली. आपल्या जवानांनी आपल्या माणसांना लिहिलेले शब्द परक्या सरकारने पाळतीसाठी जपले आणि आपण घरी आलेली मूळ पत्रं जपू शकलो नाही. ही गोष्ट मनाला लागली पाहिजे.

आता कागद झपाट्याने चालला आहे. काही पाण्याने नेला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पुराने सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजवली. ग्रंथालयाचं नुकसान निदान मोजलं गेलं. नदीकाठच्या घरांतून वाहून गेलेल्या ट्रंका, फोटोंचे अल्बम, वह्या आणि पत्रांची बासनं कोणत्याही पंचनाम्यात आली नाहीत. २००५ आणि २०२१ च्या पुरांनीही हेच केलं. उरलेला कागद घर पाडून नवं बांधताना रद्दीवाल्याकडे जातो. आजी-आजोबा गेले की महिनाभरात माळा रिकामा होतो.

आणि नवं काही साठत नाही. पूर्वीपेक्षा आज माणसं जास्त लिहितात, हे खरं आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत अंगठा चालूच असतो. पण मोबाइल बदलला, पाण्यात पडला किंवा मालक गेल्यावर त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसला, की वीस वर्षांच्या गप्पा एका क्षणात संपतात. १९४० सालचं शाईचं पत्र आज डोळ्यांनी वाचता येतं. दहा वर्षांपूर्वीच्या मोबाइलमधला मित्राचा निरोप वाचता येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते गावाच्या आवाक्यातले आहेत. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली दहा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालयं उभी राहिली. त्यांतल्या तालुक्याच्या प्रत्येक ग्रंथालयाने एक कपाट स्थानिक दप्तरासाठी द्यावं. त्यात पत्रं, रोजनिशा, लग्नपत्रिका, शाळेच्या निरोप समारंभाच्या वह्या, संमेलनांच्या पत्रिका आणि अध्यक्षांच्या भाषणांच्या प्रती ठेवाव्यात. मूळ कागद कुटुंबाला सोडवत नसेल, तर मोबाइलवर नीट फोटो काढून तो परत द्यावा. त्या फोटोंच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात, आणि कपाट पुराच्या रेषेच्या वरच्या मजल्यावर असावं. जुन्या फोटोमागे मऊ पेन्सिलने नावं आणि साल आजच लिहावं. पत्रांना सेलोटेप लावू नये, टाचण्या काढून टाकाव्यात कारण त्या गंजतात, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक चिकाटीचा ग्रंथपाल आणि त्याला साथ देणारे दोन-चार निवृत्त शिक्षक.

सातारा जिल्ह्यात भिलार हे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. त्यानंतर शासनाने या योजनेसाठी निवडलेल्या गावांत औदुंबरला लागून असलेलं अंकलखोपही आहे. छापील पुस्तकं पाहुण्यांसाठी मांडणं चांगलंच. पण ज्या मातीत मित्राच्या नावाने साहित्य मंडळ निघालं, तिथल्या दालनात गावची पत्रं आणि हस्तलिखितं नसतील, तर ते दालन कुठल्याही गावात शोभेल असं होईल. अंकलखोपचं दालन अंकलखोपचंच वाटलं पाहिजे.

या सूचनेवर एक रास्त आक्षेप आहे. पत्र ही खाजगी गोष्ट. मित्राने विश्वासाने लिहिलेलं चारचौघांत का आणावं? हा आक्षेप टाळून चालणार नाही. कायद्याच्या दृष्टीनेही पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा असला, तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या पश्चात साठ वर्षं वारसांचा असतो. त्यामुळे छापण्याआधी परवानगी हवीच. पण जपणं आणि छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देणाऱ्याने ‘पंचवीस वर्षं उघडू नये’ अशी अट घालून पाकीट मोहोरबंद द्यावं आणि ग्रंथालयाने ती अट पाळावी. जगातली मोठी अभिलेखागारं हेच करतात. ज्याला जाळायचंच आहे त्याने जाळावं, तो त्याचा अधिकार आहे. पण ठरवून जाळणं वेगळं आणि नकळत रद्दीत घालणं वेगळं. आपल्याकडे होतं ते बहुतेक वेळा दुसरं.

दुसरा आक्षेप असा की सामान्यांच्या पत्रांत वाचण्याजोगं काय असणार. १९४३ मध्ये सांगलीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते श्री. म. माटे. ‘उपेक्षितांचे अंतरंग’ लिहून त्यांनी या शंकेचं उत्तर तेव्हाच दिलं होतं. २०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात अखिल भारतीय संमेलनाचं ९९ वं अधिवेशन झालं. अशा संमेलनांत मराठी टिकवण्याचे ठराव होतात. मराठी माणूस मराठीत कशी विचारपूस करायचा, कसा रुसायचा, उधारी कशी मागायचा आणि मित्राचं सांत्वन कसं करायचा, याचा सगळ्यात अस्सल पुरावा मात्र त्या पोस्टकार्डांतच आहे. भाषेच्या अभ्यासकांना तो हवा आहे, स्थलांतराच्या आणि गिरणी कामगारांच्या इतिहासालाही हवा आहे.

शाळा-महाविद्यालयांना यात सर्वांत आधी उतरता येईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा या दोन्ही जिल्ह्यांत खेडोपाडी आहेत. नववीतल्या मुलाने आजोबांना त्यांच्या सर्वांत जवळच्या मित्राबद्दल विचारावं आणि दोन पानं लिहून आणावीत, एवढा प्रकल्प पुरे. नाव, गाव, भेटले कधी, एकमेकांसाठी काय केलं, भांडण कशावरून झालं. मराठीच्या शिक्षकाने ती पानं तपासून वर्गाच्या नावाने एका फाइलीत लावावीत आणि वर्षअखेर तालुका ग्रंथालयात द्यावीत. ज्यांनी गिरणीच्या संपात एकमेकांच्या पोरांना सांभाळलं, १९७२ च्या दुष्काळात एकाच कामावर खडी फोडली, त्यांची नातवंडं आज वर्गात बसली आहेत. त्या आजोबांपैकी जे हयात आहेत, ते सत्तरी-ऐंशीत आहेत. हा प्रकल्प या शैक्षणिक वर्षात सुरू व्हायला हवा, कारण पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांतली काही नावं नसतील.